एक्कावन्न आठवड्यांचा ओबेड

केझियाच्या कबरीवरचा दगड कलला होता. तो सरळ करायला पाथरवट गुरुवारी येणार होता आणि एडिथ आत्याला त्याआधी उत्तर हवं होतं.

दगड हॅडनबीच्या चर्चच्या आवारात, भिंतीकडेला आहे. वरच्या अर्ध्या भागात आत्याच्या पणजीचं, केझिया थर्केटलचं नाव. खालचा अर्धा कोरा. आमच्याकडे नवऱ्यासाठी तशी जागा सोडतात. ही शंभर वर्षं कोरीच राहिली, कारण नवरा ओबेड बायकोला आणि तीन मुलांना टाकून निघून गेला, असं घरात सगळे सांगत आले.

"पळपुट्याचं नाव मी कोरू देणार नाही," आत्या म्हणाली होती. तिला नव्वदावं लागलं होतं. "पण तो पळपुटा नसेल तर? पोरांच्या वह्या तपासण्यात जन्म घालवलास ना सिरिल, आता माझ्या पणजोबाला तपास."

त्यासाठी दोन हिवाळे मी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात काढले. तिथं शाई चालत नाही, शिसपेन्सिल न्यावी लागते. डोळे चुरचुरायचे, परतीची बस चुकायची आणि दिवसाअखेर हाती लागायचा एखादा भलताच थर्केटल.

शेवटी तो सापडला एका जबानीत, हॅडनबीपासून अडतीस मैलांवरच्या गावात, दोन न्यायाधीशांपुढे दिलेल्या. ओबेड थर्केटल, वय चौतीस, घोड्यांवरचा गडी, शपथेवर सांगतो: जन्म थॉर्नसेचा. तेराव्या वर्षी सप्टेंबरअखेरच्या गडी ठेवायच्या जत्रेत, घोड्यांचं काम येतं याची खूण म्हणून टोपीला चाबकाची दोरी बांधून तो उभा राहिला आणि एका शेतकऱ्यानं त्याला कामावर ठेवला. एक्कावन्न आठवडे. पुढच्या जत्रेत दुसरा मालक. पुन्हा एक्कावन्न आठवडे. लग्न होईपर्यंत अशी अकरा शेतं. बिनलग्नाच्या गड्यानं एका गावात पुरं वर्ष काढलं, की तो त्या गावचा होई आणि पडत्या काळात त्याला पोसणं गावावर येई. म्हणून शेवटच्या आठवड्याआधी मालक त्याला मोकळा करत. अकरा वर्षं राबून ओबेड कुठल्याच गावचा झाला नाही. जन्मगाव तेवढं उरलं. मग गवताच्या गाडीखाली पाय चेचला. अखेरच्या ओळीत कारकुनानं लिहिलं होतं: बायको नाही, मुलं नाहीत. त्याखाली सहीच्या जागी ओबेडची फुली.

त्याला थॉर्नसेला धाडलं. चार महिन्यांनी तिथल्या गरीबखान्यातून त्याला पुरायला नेलं.

मंगळवारी मी आत्याला हे वाचून दाखवलं.

"बायको नाही म्हणाला?"

"हो."

"शपथेवर?"

"हो."

"मग झालं तर. राहू दे कोरं." तिनं डोळे मिटले. "उगीच दमवलं तुला."

"थांब, आत्या. अजून एक कागद आहे."

तो कागद मी पहिल्याच हिवाळ्यात उतरवून घेतला होता आणि वाचून बाजूला ठेवला होता. केझियाची जबानी, हॅडनबीच्या पंचांपुढची. 'नवरा गेला. त्याचं जन्मगाव कोणतं ते मला ठाऊक नाही.' मी ते खरं मानलं. जन्मभर पोरांच्या सबबी ऐकलेल्या मास्तरानं ते खरं मानलं!

"पण त्यांचं लग्न थॉर्नसेलाच लागलं होतं," ती जबानी वाचून झाल्यावर मी म्हणालो. "ती तिथं धारा काढायच्या कामाला होती. साक्षीदार म्हणून फुली आहे ती ओबेडच्या आईची."

आत्यानं डोळे उघडले. "मग ठाऊक नाही कसं?"

"ठाऊक होतं. पण नवऱ्याचं गाव कळलं असतं, तर ओबेडसकट पाचही जणांना गाडीत घालून थॉर्नसेच्या गरीबखान्यात टाकलं असतं. नाही कळलं, तर तिचं माहेरचं गाव, हॅडनबी, तिचंच राहतं. आईजवळ, मुलांसकट."

"म्हणजे तीही खोटं बोलली. बायबलवर हात ठेवून!" आत्या हसली आणि मग बराच वेळ खोकली. "दोघांनी ठरवून?"

"ते कागदात नाही. दोन जबान्यांत नऊ दिवसांचं अंतर आहे, एवढंच मला सांगता येईल."

"आणि मेला चेचल्या पायानं अडतीस मैल गेला कसा?"

"कुणाच्या तरी गाडीवर बसून, बहुतेक."

"पोरांनाही कधी सांगितलं नाही तिनं."

"पोरं तोंडाळ असणार. आपल्यावरून दिसतंच."

"तू गप रे."

चहा निवून गेला होता. तिनं तो तसाच प्यायला. "दगड बसवणाऱ्या तिच्या पोरानं ती जागा आपणहून नाही सोडली बघ. तिनंच त्याला सोडायला लावली असणार."

तेही कागदात नव्हतं.

"कोरायला सांग पाथरवटाला," ती म्हणाली.

"काय कोरायचं? 'प्रिय पती'?"

"छे, इतकं कशाला. नाव आणि गाव."

मी पेन्सिल घेतली. "ओबेड थर्केटल, थॉर्नसे."

"हॅडनबी."

"आत्या, तो हॅडनबीचा नव्हता. कायद्यानं तर नाहीच. पुरलाय तोही—"

"मास्तर, चुका काढू नकोस," आत्या म्हणाली. "मी दमलेय. हॅडनबी लिही."

मी लिहिलं.