मी न केलेली व्हिजिट

भुताखेतांचे किस्से मी चहासोबत वाचायचे आणि हसून सोडून द्यायचे. मी त्वचारोगतज्ज्ञ, खामगावला क्लिनिक आहे. डोळ्यांना दिसतं आणि बोटाला लागतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या... दोन वर्षांपूर्वीपर्यंत तरी होता.

नांदुऱ्याच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट पेशंटच्या अंगावर काही उठलं की मला बोलावतात. त्या दिवशी संध्याकाळी पाचला तिथल्या डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून फोन केला. वडनेर भोलजी गावची वीस वर्षांची मुलगी, ताप, पाठीवर लाल चट्टे. फिट येतात म्हणून पंधरा दिवसांपूर्वी नवीन गोळी सुरू झालेली. हे ऐकून मी तेव्हाच उठायला हवं होतं. अशा गोळीची रिॲक्शन वाढली तर भाजल्यासारखी कातडी सुटते, पेशंट हातचा जातो. पण बाहेर गर्दी होती आणि खरं सांगू? मला कंटाळा आला होता. "साधी ॲलर्जी दिसतेय, सकाळी बघते," म्हणून मोकळी झाले.

रात्रभर ती गोळी डोक्यातून जाईना. सकाळी सातलाच वॉर्डमध्ये पोचले.

"मॅडम, परत आल्या?" सिस्टर म्हणाली. "काल सहा वाजता तर येऊन गेल्या न तुम्ही."

मला वाटलं, ती चेष्टा करतेय. तिने फाइल उघडून दिली. अक्षर माझं. सही माझी. गोळीच्या नावाखाली दोन रेघा, खाली 'ताबडतोब बंद, एकही डोस नको'. शेजारी मी नेहमी काढते तसं माणसाचं छोटं चित्र, चट्ट्यांच्या जागा रंगवलेल्या. ओठांच्या आत, तळपायावर, डाव्या मनगटावर. फोटोत तर फक्त पाठ होती!

मी मुलीच्या बांगड्या वर सरकवल्या. खाली चट्टा होता. अगदी तिथेच.

नोट वाचून डॉक्टरांनी रात्रीचा डोस दिलाच नव्हता, औषध बदललं होतं. ताप उतरला होता. मुलगी चमच्याने पेज पीत होती.

सहा वाजता मी खामगावला पेशंट बघत होते. माझ्या रिसेप्शनिस्टला दहा वेळा विचारलंय... मी खुर्चीतून उठलेच नव्हते.

निघताना मुलीच्या आईने माझे हात धरले. "बाई, तुमी आल्या म्हणून माही पोरगी वाचली. पन एक इचारू? काल तुमी काऊन रडून राह्यल्या होत्या? तिचा हात धरून 'माफ कर पोरी, मले उशीर झाला' म्हनत होत्या, अगदी आमच्यावानी."

मी मलकापूरची, घरी वऱ्हाडीच बोलतो आम्ही. पेशंटसमोर मात्र मी कधीच 'मले' म्हणत नाही. फक्त रडताना निघतं तोंडातून.

आता मात्र फोटो बघून 'सकाळी बघते' म्हणत नाही, लगेच गाडी काढते. माझ्या आधी पोचलेली ती दर वेळी येईलच असं नाही.