मी स्वतःला हुशार म्हणालो तेव्हा

कोरोनाचं दुसरं वर्ष. आई गेली म्हणून गडचिरोलीला गेलो, तेरवी उरकली आणि आयर्लंडात मलिंगारला परतलो. इथं मी एका हॉटेलात तंदूर सांभाळतो. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांना दया आली म्हणून.

हॉटेलच्या वरच्या खोलीत चौदा दिवस एकट्यानं कोंडून घ्यायचं होतं. नवव्या दिवशी हुडहुडी भरली. कोरोनाची टेस्ट केली, निगेटिव्ह. मी खूश! हिवताप मनात आला होता, नाही असं नाही. पण लहानपणी चारदा पचवलेला गडी मी. म्हटलं, मला चावून डासच मरेल. इतकी वर्षं परदेशात राहून अंग ते सगळं विसरलंय, हे माझ्या टाळक्यात कुठून येणार? पॅरासिटामॉल घेऊन पडलो.

तापाच्या तिसऱ्या दिवशी बडबडायला लागलो. पुढचं ऐकलेलं सांगतो. दाराशी डबा ठेवणारा नागपूरचा सोबती ऐकून हसत होता. त्याचा दोष नाही. माझं तापातलं बोलणं आणि एरवीचं बोलणं, यात फरक तो काय करणार?

तेवढ्यात गावाहून बायकोचा फोन आला. मी तिला म्हणे सांगितलं, "माझ्यासारखा हुशार माणूस अख्ख्या आयर्लंडात नाही."

तिनं फोन कापला आणि सोबत्याला लावला. "भाऊजी, यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"वहिनी, मस्करी करतोय तो."

"बावीस वर्षांत हा माणूस स्वतःला कधी चांगलं बोलला नाही. अॅम्ब्युलन्स बोलवा!"

रक्तात मलेरिया भरला होता, मेंदूपर्यंत गेला होता. लघवी काळ्या चहासारखी, मग तीही बंद. किडनीसाठी मशीन लावलं. चार दिवस शुद्ध नव्हती. भेटायला कुणाला सोडत नव्हते. वॉर्डातली एक मराठी डॉक्टर रोज बायकोला फोन करायची. "वाचतील का, आज सांगता येत नाही," एवढंच तिच्याकडे सांगण्यासारखं होतं. आणि ते ऐकायला बायको त्याच अंगणात बसलेली, जिथं नुकतीच तेरवीची पंगत उठली होती.

पाचव्या दिवशी डोळे उघडले. डॉक्टरनं फोन माझ्या कानाला धरला. बायकोनं घाबरत विचारलं, "कसे आहात?"

ओठ सुकलेले, आवाज फुटेना. कसंबसं म्हणालो, "मूर्ख."

"काका, असं नका म्हणू," डॉक्टर म्हणाली.

पलीकडून बायको रडत ओरडली, "म्हणू द्या हो त्यांना, म्हणू द्या!"