दीड किलो बीफ गेलं कुठे?

माझ्या हातून एकदा दीड किलो बीफ नाहीसं झालं. चोरीला गेलं नाही, मांजरानं पळवलं नाही. कुकरमध्ये घातलं आणि कुकरमध्येच गेलं!

त्याचं असं झालं. मम्मी गेल्यानंतर पप्पा पहिल्यांदाच वसईहून आमच्याकडे, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला, महिनाभर राहायला आले होते. हा माणूस एके काळी लग्नाच्या जेवणात नळी दातांनी फोडायचा आणि सोड्याच्या बाटलीचं बूच दातांनी उघडायचा. (बुचाची गोष्ट त्यांनी माझ्या लेकीला, रियाला, आल्या आल्या तीनदा सांगितली.) आणि आता? चहात खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, बुडवून खायचे, आणि ताटातलं मटण हळूच माझ्या नवऱ्याच्या ताटात सारायचे.

"पोट भरलं, बाय."

कसलं भरलंय! गळ्याची हाडं दिसायला लागली होती. कारण रिया सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना नवी कवळी बसवली होती, ती टोचायची, आणि दिवसभर रुमालात गुंडाळून त्यांच्या खिशात असायची. पण बूच उघडणाऱ्या माणसाला हे विचारायचं कुणी?

रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं. त्याआधी एकदा तरी त्यांना पोटभर बीफ खाऊ घालायचं, असा मी चंगच बांधला. शनिवारी सकाळी त्यांना घेऊनच सुपरमार्केटात गेले.

"मॅडम, ये घासवाला है," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "सिर्फ घास खाया हुआ जानवर. फॅट कम, जल्दी पकता है. ज्यादा पकाया तो खलास!"

"म्हणजे?" पप्पा माझ्याकडे वळले. "आपल्याकडची गुरं काय शिकरण-पोळी खायची?"

"पप्पा, हळू! नव्वद दिरहम किलो आहे."

त्यांनी तिथल्या तिथे रुपये केले. "दोन हजारांवर गेलं की गं! गवताला एवढे?"

मी दीड किलो घेतलं. आता हे व्हायला हवं होतं मऊ, पण फार मऊही नको. कारण मम्मीचं बीफ शेवटच्या दोन-तीन वर्षांत पार बिघडलं होतं. जिच्या हाताची चव गावभर नावाजलेली, तिचं! सुट्टीवर गेले की मी तिला तोंडावर म्हणायचे, "मम्मी, हे बीफ आहे की लापशी?" ती हसायची आणि म्हणायची, "वय झालं गं माझं."

तर मऊ करायला कच्ची पपई. मम्मीचा नियम होता, पपई अर्धा तास, त्यावर एक मिनिट नाही. पण संध्याकाळी ऊद मेथाच्या चर्चमध्ये मिस्सेला जायचं होतं. मग मी फक्त एक चमचा कीस चोळला आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. (थंडीत पपई जरा दमानं घेते, हे माझं शास्त्र.) उरलेला वाटीभर कीस ओट्यावरच राहिला.

खाली गाडीपाशी आलो, तर विल्सन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अरे, चावी वरच राहिली!" तो जाऊन आला. लगेच पप्पा म्हणाले, "मी पण जरा बाथरूमला जाऊन येतो." मी घड्याळ बघत उभी. परतताना असा काही ट्रॅफिक लागला, की निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत चार तास झाले.

ओट्यावरची वाटी रिकामी होती. मला वाटलं, विल्सननं न सांगता आवराआवर केली. (पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मला तिथेच संशय यायला हवा होता.) आमच्या वसईकडचा बाटलीचा मसाला, व्हिनेगर, कांदा, सगळं घातलं. काउंटरवाल्याचे शब्द आठवले, पण त्याहून जास्त ती कवळी आठवली. म्हटलं, होऊ दे आठ शिट्ट्या!

झाकण उघडलं. आत मसाल्याचा वास होता, रस्सा होता. बीफ नव्हतं! डाव फिरवला. एक तुकडा लागेल तर शपथ.

"विल्सन! पपईला हात लावलास?"

"थोडीशीच लावली गं," तो कुजबुजला. "पप्पांना चावायला... म्हणजे, तुला माहितीये ना." विल्सन हॉटेलात रिसेप्शनवर असतो, पण सल्ले शेफचे देतो. "अर्धीच वाटी. बाकीची मी तशीच ठेवली होती."

"मग बाकीची कुठे गेली?"

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. पप्पा दारात उभे होते, हात खिशावर.

"मी लावली, बाय," ते म्हणाले. "कवळी टोचते गं फार. पण तू एवढ्या हौसेनं आणलंस, म्हटलं आज तुझ्यासमोर नाही म्हणायला नको."

तीन माणसं, एक वाटी पपई, आणि एकानेही दुसऱ्याला तोंडानं विचारलं नव्हतं!

पप्पांनी डाव घेतला, चाखून पाहिलं आणि हसले. "तुझ्या मम्मीचं असंच व्हायचं."

"शेवटी शेवटी तिला जमत नव्हतं, पप्पा."

"जमत नव्हतं? माझे दात हलायला लागले, तेव्हापासून ती मुद्दाम दुप्पट शिजवायची. तुम्ही पोरं नावं ठेवायचात, ती ऐकून घ्यायची. मला म्हणायची, 'तुम्ही गप जेवा.'"

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. डोळे भरून आले होते आणि कांदा तर केव्हाच चिरून झाला होता, त्यामुळे सबबही नव्हती. तोंडावर म्हणायचे मी तिला! दर सुट्टीत!

पप्पा मात्र जेवले. खुबूस बुडवून तीन वाट्या, ताट पुसून! तिसऱ्या वाटीला रिया हेडफोन काढून टेबलापाशी आली. तिने चमचा बुडवला, वर काढला, रस्सा गळताना पाहत राहिली.

"मम्मा, इज धिस बीफ ऑर पॉरिज?"

पप्पांचा घास हातातच थांबला. त्यांनी आधी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सोड्याच्या बाटलीचा सगळा इतिहास पणाला लागला होता.

"काय करू, रिया," मी म्हटलं. "वय झालं गं माझं."

पप्पा खाली मान घालून पुन्हा जेवायला लागले. विल्सनला मी खुणेनं गप्प राहायला सांगितलं होतं, आणि तो राहिलाही. पण माझं ते वाक्य इतकं उघड खोटं होतं, की निदान एकदा तरी "छे, कुठे!" म्हणायला काय हरकत होती? तो आपला तोंडात घास घेऊन जोरजोरात मान हलवत होता, होकारार्थी!