वखारीतले दोन टायर

युद्धाच्या चौथ्या वर्षी, दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी आठ. ठिकाण: रावेर, केळीची वखार. हजर: मी, माझी पत्नी, वखारीचे मालक नाना, वखार सांभाळणारे आबा आणि फटफटीचे दोन टायर. गैरहजर: फटफटी. ती आमच्या ओसरीत विटांवर उभी होती.

मी सरकारी जनावरांचा डॉक्टर. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जाऊन बैलांना बुळकांडीची लस टोचायची, यासाठी मला फटफटी मिळाली होती. त्या हिवाळ्यात पेट्रोलची कुपनं थांबली आणि जळगावच्या कचेरीतून पत्र आलं. कुपनं मार्चपासून मिळतील, तोवर वाहन नीट ठेवावं. एक मार्चला तपासणी होईल. वाहन चालू स्थितीत नसलं तर रावेरची जागा रद्द होईल आणि मला धुळ्याला दप्तरात कारकुनी करत बसावं लागेल. नवा टायर त्या दिवसांत कितीही अर्ज केले तरी मिळत नव्हता. मला दप्तर नको होतं. शिवाय मी गेल्यावर त्या गावांत बैल टोचायला धुळ्याहून कोणी येणार नव्हतं.

फटफटीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत हिवाळ्यासाठी स्वतंत्र पान होतं. टायर काढून अंधारात ठेवावेत, खोली बंद असावी, दर पंधरा दिवसांनी फिरवावेत, गोठण्यापासून जपावेत. मी सगळं वहीत उतरवलं. रावेरात खोबरेल सोडून काही गोठत नाही, असं पत्नीने लक्षात आणून दिलं. मी म्हटलं, लिहिणाऱ्यांना टायरातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

"आणि रावेरातलं?" तिने विचारलं. हे मी वहीत घेतलं नाही.

आमच्या घरात कौलांच्या फटींतून ऊन यायचं आणि उंदीर होते. तेव्हा नाना म्हणाले, "माह्या वखारीत ठेवा साहेब. आंधार काया कुट्ट, अन् थंडीचं तर नावच नाही."

"थंडी कशी असेल? तिथे तुम्ही भट्टी लावता," पत्नी म्हणाली.

"भट्टी त्या कोपऱ्यात, वहिनी. टायर या कोपऱ्यात. मधी वीस हात."

बंद खोलीत भुशाचा विस्तव धुमसत ठेवायचा आणि त्या उबेत केळीचे घड पिकवायचे, असं वखारीचं काम. मी पुस्तिका पुन्हा पाहिली. उष्णतेविरुद्ध तीत एक अक्षर नव्हतं. तेव्हा जागा नियमात बसत होती.

आबांना मी सूचना दिली, "दर पंधरा दिवसांनी फिरवायचे."

"मी तिसऱ्या दिशी फिरवतो."

"पंधराव्या, आबा."

"तिसऱ्या दिशी समदेच घड फिरवतो, साहेब. दोघायला वगळून कसं चालंल?"

जास्त फिरवल्याने बिघडतं, असं पुस्तिकेत नव्हतं. मी मान्य केलं. डिसेंबरअखेरपर्यंत दर दुसऱ्या रविवारी जाऊन वहीत खूण केली. मग गुरांच्या बाजारांच्या कामावर बैलगाडीने फिरावं लागलं आणि माझे तीन रविवार चुकले.

फेब्रुवारीच्या मध्याला पत्नीला घेऊन वखारीत गेलो. टायर या कोपऱ्यात नव्हते. भट्टीला लागून होते, आणि आबा त्यांच्यापाशी उकिडवे बसून अंगठ्याने दाबून पाहत होते.

"हा झाला," मागच्या टायरवर हात ठेवून ते म्हणाले. "दुसऱ्याला आजून दोन रोज."

मागचा टायर एका बाजूला बसला होता. अंगठ्याचा खळगा भरून येत नव्हता.

"आबा, भट्टीजवळ कोणी आणले?"

"म्याच. घड आठ रोजात निंघतात. हे दोन म्हैने झाले तरी कडकच. मंग सरकवले."

"पण हे पिकवायचे नव्हते."

"मंग वखारीत कायले ठेवले?"

नाना त्यांच्या बाजूने उभे राहिले. "चाळीस वर्सांत आबाच्या हातून एक घड कच्चा निंघाला नाही, साहेब."

"नाना, हा टायर आहे."

"म्हनून तर येळ लागला."

"आता बाजारात पाठवा," पत्नी म्हणाली.

चौदा दिवस उरले होते. पुढचा टायर वाचला होता. मागच्यात हवा ठरेना. मी सहा उपाय लिहिले आणि चार दिवसांत सहाही खोडले. पाचव्या दिवशी आबा केळीच्या वाळक्या पानांचा भारा घेऊन ओसरीत आले. माझ्याकडे पाठ करून बसले. पानं ओली करून पिळली, त्यांचा दोर वळला आणि घड बांधायच्या सवयीने टायरात ठासून भरला. दोर वाळेपर्यंत दोन दिवस टायरला हात लावू दिला नाही. मग पत्नीला म्हणाले, "सांगा साहेबाले, हा आता पिकायचा नाही."

एक मार्चला जळगावचे अधिकारी पेट्रोलची कुपनं घेऊन आले. त्यांनी मला मामलेदार कचेरीभोवती तीन फेऱ्या मारायला लावल्या. प्रत्येक दगड मला पाठीच्या मणक्यात मोजता येत होता आणि मागून पाचोळ्यातून चालल्यासारखा आवाज येत होता. नाना फाटकाशी उभे होते. ते आवाज झाकण्यासाठी प्रत्येक फेरीला खोकले.

अधिकाऱ्यांनी मागच्या टायरवर बूट मारला. "दगडासारखा आहे. बाकी सगळ्यांचे टायर भेगाळले. तुम्ही कुठे ठेवलेत?"

"केळीच्या वखारीत."

हे खरं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं, वाहन चालू स्थितीत असल्याचा शेरा मारला आणि माझी जागा कायम राहिली. तिसऱ्या दिवशी मी लशीची पेटी बांधून डोंगराकडे निघालो.

आठवड्याने कचेरीचं पत्र आलं. टायर ठेवण्याची रावेरची पद्धत मुद्देसूद लिहून पाठवावी, ती इतर केंद्रांना कळवायची आहे. मी कागद घेतला, शीर्षक घातलं आणि पहिला मुद्दा लिहिला: 'अंधारी खोली पाहावी.' कचेरीची दोन स्मरणपत्रं येऊन गेली. दुसरा मुद्दा अजून लिहायचा आहे.