दाजींनी लिहून घ्यायला लावलेली कमेंट

शहाडचे दाजी कोळी सत्तरीला टेकलेत. उल्हास नदीत पाग टाकून मासे धरणं हा त्यांचा धंदा. पण कोणी बुडालं की पोलीस पहिला फोन त्यांनाच करतात. तळाची प्रत्येक कपार त्यांना ठाऊक. तोंडाने मात्र फटकळ. सुट्टीच्या दिवशी काठावर बाटल्या घेऊन बसलेल्यांना ते अशा शिव्या घालतात की सून समिधा खिडकी लावून घेते.

गेल्या मे महिन्यात टिटवाळ्याचा महेंद्र खडवलीला बुडाला. अठ्ठावीस वर्षांचा. मित्र मोबाइलवर शूटिंग करत होते आणि याने खडकावरून उडी मारली. दाजींना गाडीतून नेलं. दोन तासांनी त्यांनी त्याला वर आणला. त्याचाही कोणीतरी व्हिडिओ काढून टिटवाळ्याच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखालच्या कमेंट बघता बघता समिधाने मोबाइल उलटा ठेवला.

"काय लिवलंय? वाच गो," दाजी म्हणाले.

"नको बाबा."

"वाच."

तिने वाचलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'रीलपायी मेला, सहानुभूती शून्य.' 'आईबापाने वळण लावलं नाही.' 'चला, एक कमी झाला.' त्याखाली हसणारे चेहरे. एकाने विचारलेलं, 'म्हाताऱ्याला एवढा वेळ का लागला?' त्यावर दाजी स्वतःच हसले.

"तुम्ही पण शिव्या घालताच की, बाबा," समिधा म्हणाली.

दाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "घालतो. पण तो समोर असतो तवा. ऐकून माघारी तरी फिरंल. आता ऐकणार कोण? त्याची आय." मग म्हणाले, "लिव. मी सांगतो तसं."

समिधाने लिहिलं: 'मी दाजी. मीच त्याला वर काढला. उडी मारली ही चूक त्याचीच. पण त्याची आई काठावर बसलेली. तिने मला विचारलं, पाणी थंड होतं का? तुमचं लिहिलेलं ती वाचणार. जरा थांबा.'

काही जण दाजींवरही घसरले: 'चूक म्हणता आणि वर पाठीशी घालता!' पण 'एक कमी झाला' ही ओळ संध्याकाळपर्यंत गायब झाली. लिहिणाऱ्याने स्वतःच काढली असावी.

पंधरा-वीस दिवसांनी महेंद्रची आई, विमलाबाई, पत्ता शोधत घरी आल्या. समिधाने पाणी दिलं.

"चूक त्याचीच, असं लिहिलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "बाहेरचे त्याला नावं ठेवतात. घरातले म्हणतात, देवमाणूस होता. मला त्याचा राग येतो हो, दाजी. पण सांगू कोणाला?"

"मना सांगा, मी ऐकतो."

आणि त्या बोलायला लागल्या. सांगून ऐकायचा नाही, हेल्मेट घालायचा नाही, लहानपणी गच्चीच्या कठड्यावर चालायचा. "मूर्ख होता मूर्ख!" म्हणत त्या मोठ्याने रडल्या. दाजी मान हलवत ऐकत राहिले. समिधाने विमलाबाईंसाठी पण भात टाकला.