आवाज आला, सूर राहिला

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे माईकबाई म्हणत. गाडी रद्द झाल्याचं त्या इतक्या हळहळून सांगत, की तावातावाने उठलेला प्रवासीही "जाऊ दे, त्यांचा काय दोष" म्हणत परत बाकावर टेकायचा.

एका सकाळी माईकसमोरच त्यांचा डावा हात लुळा पडला. मेंदूचा झटका होता. उपचार वेळेत झाले, हात सुधारला, शब्दही स्पष्ट येऊ लागले. पण बोलण्यातले चढउतार पार गेले.

सून कामावरून आली की त्या म्हणत, "आलीस." पूर्वी हा प्रश्न असायचा, त्यात माया असायची. आता सुनेला ऐकू यायचं, 'आलीस एकदाची!' "भाजी छान झालीय" म्हणाल्या तर टोमणा वाटायचा. बाईंना मात्र आपण नेहमीसारखंच बोलतोय असं वाटे. शेवटी सून नवऱ्याला म्हणाली, "आपण वेगळं राहू या. आईंना मी नकोशी झालेय."

बाईंच्या कानावर ते पडलं. "असं कोण म्हणालं." त्यांनी विचारलं, आणि तेही भांडायला उठल्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यात दवाखान्यात सूनच सोबत गेली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. माईकबाई दचकल्या.

"ही कोण बोलतेय."

"तुम्हीच," उपचारवाल्या बाई म्हणाल्या. "शब्द परत आले, सूर अजून यायचाय. मेंदूचा तो कोपरा दुखावलाय. मनात माया असते, आवाजात उतरत नाही."

सून खुर्चीच्या कडेवर आली. "म्हणजे आई, तुम्ही माझ्यावर रागावला नव्हता?"

"नाही गं बाई."

"हेसुद्धा रागावल्यासारखंच वाटलं!" म्हणत सून हसायला लागली, आणि हसता हसता रडलीच. छातीवरचा धोंडा उतरला होता. माईकबाईंनी तिचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

मग घरात गंमतच सुरू झाली. बाई आधीच सांगून टाकत, "हा प्रश्न आहे. जेवलीस." किंवा, "हे लाडाने म्हणतेय. वेडी आहेस." रोज सकाळी सून पेटी घेऊन बसे. साधी वाक्यं आधी गाऊन म्हणायची, मग गाणं कमी करत बोलण्यावर यायचं. 'पाणी देतेस का' मधला 'का' वर चढायला कितीतरी आठवडे लागले.

पुढे एकदा बाईंच्या यजमानांनी ओला टॉवेल पुन्हा गादीवर टाकला.

"अहो, कितीदा सांगायचं तुम्हाला!" बाई कडाडल्या. आवाज वर गेला, शेवटी वैतागून खाली आला.

यजमान जागच्या जागी थबकले. सून स्वयंपाकघरातून धावत आली.

"परत म्हण," यजमान म्हणाले, "परत एकदा ओरड बघू."

आणि बाई मनसोक्त ओरडल्या.