व्याह्यांचे बावन्न अंश

त्या तीन गल्ल्यांत एक कुजबूज बरेच दिवस फिरत होती. बॉयलरकाका म्हणे व्याह्यांकडे चहाला गेले, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि व्याह्यांच्या कॉम्प्युटरच्या पोटातलं काहीतरी काढून घेऊन आले. कुणी पंखा म्हणे, कुणी वायर. इस्त्रीवाल्याने तर काकांचा फुगलेला खिसा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आता इस्त्रीवाल्याचे डोळे काय काय पाहतात ते सोडा. ‘नाहीतर नात एकाएकी परत त्यांच्याकडे कशी यायला लागली?’ हा सगळ्यांचा हुकमी पुरावा.

बॉयलरकाका म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. तिथे मीटरच्या काचेवर एक लाल रेघ असते. काटा रेघेजवळ आला की आधी आग कमी करायची, विचार मागाहून. एकतीस वर्षांत काटा एकदाही रेघेपलीकडे गेला नाही, आणि ही गोष्ट ऐकवल्याशिवाय काकांनी कुणाला घरातून जाऊ दिलं नाही.

निवृत्तीनंतर लेकीने आपला कॉम्प्युटर त्यांना दिला आणि काकांचं नशीब फळफळलं. अकरा वर्षांची नात दर रविवारी सकाळी येऊन ट्रक चालवायचा खेळ मांडू लागली. स्टिअरिंग तिच्या हातात, शेजारच्या स्टुलावर क्लीनर म्हणून काका.

“क्लीनर, डावीकडे बघ!”

“डावी बाजू साफ आहे उस्ताद, येऊ द्या!”

कारखान्यात चार-चार इंजिनिअरना गप्प बसवणारा हा माणूस नातीच्या हुकमाने खिडकीबाहेर मान काढल्याचं नाटक करी. काकू स्वयंपाकघरातून म्हणत, “लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझं एक ऐकलं नाही. आणि आता बघा.”

मग माशी शिंकली. जावयाने हौसेने एक छोटा प्रोग्रॅम टाकून दिला. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसर किती तापलाय त्याचा आकडा दिसू लागला. पहिल्याच रविवारी काकांनी वाचलं: चौऱ्याऐंशी. बॉयलरवाल्याला आकडा दाखवणं म्हणजे मांजराला उंदीर दाखवणं. त्यांनी मनाशी रेघ ठरवली, पंचाहत्तर. पंचाहत्तरच का? तर काकांना तो आकडा बरा वाटला. त्यापुढे गेलं की सरळ बटण बंद.

“आजोबा! माल पोचवायला चार किलोमीटर राहिले होते!”

“जीव महत्त्वाचा की माल?”

“कुणाचा जीव? ट्रक खोटा आहे!”

“ट्रक खोटा, पण उष्णता खरी आहे ना बाळा.”

असं तीन रविवार झालं. तीन ट्रक रस्त्यातच विझले. चौथ्या रविवारी नात आलीच नाही. लेकीचा फोन आला, “बाबा, ती त्या आजोबांकडे गेलीय. त्यांनीही घेतलाय कॉम्प्युटर. तिथे म्हणे बंद पडत नाही.”

ते आजोबा म्हणजे काकांचे व्याही, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. गोड बोलणारे, नखं स्वच्छ, आवाज कधी चढत नाही. काकांना हा माणूस लग्नाच्या बोलणीपासूनच डोळ्यात खुपत होता, पण खुपण्यासारखं काही सापडत नव्हतं. आता सापडलं. त्यांच्या स्टुलावर दुसरा क्लीनर बसला होता!

“आमचं बावन्नच्या वर जात नाही,” व्याही फोनवर मधाळ आवाजात म्हणाले. “नाजूक हात लागतो हो. घड्याळाचा हात. बॉयलरचं काम वेगळं.”

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. धूळ झाडली. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, तीही पाइपाच्या जोडाला लावतात तशी थापून, आणि जास्तीची झाली म्हणून पुन्हा पुसून वाटाण्याएवढी. डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. एकट्यानेच खेळ चालू केला. ऐंशी. फॅनचा वेग वाढवला. ऐंशी. काकांचे कागद खोलीभर उडाले, आकडा हलला नाही.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. “आणि तुमच्या पोटात जळतंय, त्याचा आकडा कुठे दिसतो?”

“मी जळत नाहीये. मी अभ्यास करतोय.”

“हो. व्याह्यांचा.”

असे चार रविवार नात तिकडेच गेली. मग एका बुधवारी काकांनी खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर टाकला आणि जवळच काम आहे असं सांगून व्याह्यांकडे निघाले. मनात काय होतं ते लपवायचं कशाला? त्यांच्या कॉम्प्युटरच्या पंख्याची एक तार थोडी ढिली करायची. जास्त नाही. बावन्नाचे नव्वद होऊ देत, मग बघू घड्याळाचा हात.

व्याही एकटेच खेळत बसले होते. शेजारी वही उघडी होती आणि तिच्यात सुवाच्य अक्षरात रस्ते उतरवलेले: ‘दुसऱ्या पुलानंतर उजवीकडे, चढ आहे, तिला आधीच सांगणे.’ बुधवारी दुपारी, नात शाळेत असताना, हा गृहस्थ रविवारची तयारी करत होता! काकांना वही फाडून खावीशी वाटली.

“या, या! तुमच्या विहीणबाई शेजारी गेल्यात, चहा मीच टाकतो,” म्हणत व्याही आत गेले. जाताना ट्रक एका पंपावर उभा केला, खेळ चालूच ठेवला. “बघा बावन्न!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला. पण एकतीस वर्षांची सवय. यंत्राला हात लावण्याआधी मीटर वाचायचं, आणि मीटर वाचण्याआधी ते कशाचं आहे ते वाचायचं. त्यांनी चष्मा सावरला आणि कोपऱ्यात वाकून पाहिलं. इथे एक सोडून चार आकडे होते, एकाखाली एक. सगळ्यांत वर बावन्न. त्याच्या डाव्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं ते हार्ड डिस्कचं नाव होतं. प्रोसेसर तिसऱ्या ओळीत होता. शहाऐंशी.

काकांना नाचावंसं वाटलं. घड्याळाचा हात! जन्मभर काटे बघितलेल्या माणसाने चुकीचा काटा बघितला! रविवारी सगळ्यांसमोर, नातीसमोर, बोट ठेवून दाखवायचं. वाक्यसुद्धा जुळवून झालं.

आणि मग त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. शहाऐंशीवर नात चार रविवार इथे खेळली होती. तास-तासभर. काही जळलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं. एकही ट्रक विझला नव्हता. मग चौऱ्याऐंशीला बटण दाबणारा तो शहाणा कोण?

व्याही कप घेऊन आले. “हे काय, स्क्रूड्रायव्हर?”

“चष्म्याची दांडी ढिली झालीय.”

चष्मा नाकावर घट्ट बसला होता. व्याह्यांनी ते विहीणबाईंना सांगितलं, विहीणबाईंनी इस्त्रीवाल्याला, आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

परतताना काका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरले. दुकानवाली एका डब्यात फुंकर घालत होती.

“खेळताना प्रोसेसर किती तापलेला चालतो? माझा चौऱ्याऐंशीला जातो.”

“सत्तर ते पंच्याऐंशी रोजचंच, काका. नव्वदच्या वर सारखा राहिला तर धूळ काढायची, पेस्ट बदलायची. शंभरच्या आसपास गेला तर तो आपणहून वेग कमी करतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर आपणहून बंद पडतो. मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे.”

“आपणहून? कुणी लक्ष द्यायला नको?”

“नको. तुमचं काय, चौऱ्याऐंशी? मग खेळा की खुशाल.”

एकतीस वर्षं जागरूक राहिलेल्या माणसाला ‘कुणी लक्ष द्यायला नको’ हे ऐकणं सोपं नव्हतं. घरी येऊन त्यांनी आधी कॉम्प्युटरचं काढलेलं झाकण परत बसवलं. मग त्यांनी नातीला फोन लावला.

“उस्ताद, माझं चुकलं. मी उगाच बंद करत होतो. चौऱ्याऐंशी चालतं.”

“नक्की? शपथ?”

“शपथ.”

“पण तुम्ही आकडा बघितलात की तुमचा हात बटणाकडे जातो. मी आले की त्या कोपऱ्यावर कागद चिकटवणार.”

“चिकटव.”

“आणि एक रविवार तिकडे, एक तुमच्याकडे. त्या आजोबांनी वही केलीय माझ्यासाठी.”

“माहितेय,” काका म्हणाले, आणि ती वही त्यांनी कशी पचवली ते त्यांनाच ठाऊक.

पहिल्या रविवारी ते स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. कागदामागे काय चाललं असेल या विचाराने त्यांना घाम फुटला. माल पोचला.

पुढे जावयाच्या वाढदिवसाला सगळे जमले. व्याह्यांनी पुन्हा काढलं, “आमचं अजून बावन्नच बरं का!” काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांच्या जिभेवर तिसरी ओळ नाचत होती. जळफळाट गेला नव्हताच, आजही नाही. पण बावन्न खोटं म्हटलं की शहाऐंशी चालतं हेही सांगावं लागणार, आणि मग ते विझलेले तीन ट्रक सगळ्यांसमोर हजर होणार.

“वा,” ते म्हणाले, “नाजूक हात आहे तुमचा.”

आता त्या कुजबुजीतलं खरं किती ते सांगून टाकतो. स्क्रूड्रायव्हर खिशात होता आणि तार ढिली करायलाच नेला होता. व्याही चहा करत होते तेवढ्या वेळात काकांनी चार आकडे वाचले आणि चहा पिऊन घरी आले. कॉम्प्युटरचा एकही स्क्रू फिरला नव्हता.